थप्पड मारणाऱ्याची गोष्ट : सुधारगृहातली शिस्त आणि अधिकार



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर ‘बालसुधारगृहातील शिस्त’ असा छापून येणार होता. मी त्यात ‘अधिकार’ हा एक शब्द वाढवून घेतला. का, ते तासाभरात स्पष्ट व्हावं. झालं नाही तर प्रश्नोत्तरांत मला जरूर धरा.

आधी एक साधी गोष्ट पाहू. हिंदीतल्या ‘शिक्षा मंत्री’ या पदावर मराठी मुलं हमखास हसतात. कारण आपल्याकडे शिक्षा म्हणजे उठाबशा, छडी, तुरुंग. मूळ संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणं. एकाच शब्दाचे दोन भाषांत दोन संसार झाले. ‘शास्’ या धातूचंही तसंच. त्यातून शासन आलं, शास्त्र आलं आणि शिष्यही आला. ज्याला शिकवायचं तो आणि ज्याला दंड करायचा तो, दोघे एका धातूची लेकरं. आपल्या भाषेने हा घोळ घातला असं मी म्हणणार नाही. घोळ मुळात माणसाच्या व्यवहारातच आहे, भाषेने तो इमानाने नोंदवला इतकंच. आणि हा घोळ चार भिंतींच्या आत, चोवीस तास, पगारी माणसांच्या हातून जिथे चालतो, ती जागा म्हणजे सुधारगृह.

आपण सवयीने ‘रिमांड होम’ म्हणतो. कायद्याच्या भाषेत आता निरीक्षणगृह, विशेषगृह असे शब्द आहेत, आणि आतल्या मुलाला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. या मुलांबद्दल बरंच बोललं जातं. ती का बिघडतात, घर कसं होतं, वस्ती कशी होती. मला आज त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाबद्दल बोलायचं आहे. अधीक्षक, परिविक्षा अधिकारी, आणि सगळ्यात जास्त तो काळजीवाहक, जो रात्री दोन वाजता एकटा जागा असतो. त्या माणसाचं मुलाने का ऐकावं? हा माझा प्रश्न.

या प्रश्नावर जगात एक फार गाजलेलं पुस्तक आहे, आणि त्या पुस्तकात एक फार गाजलेली थप्पड आहे. अंतोन माकारेन्को हा युक्रेनमधला शिक्षक. १९२० साली, क्रांती आणि यादवी युद्धाच्या धुमाळीत, पोल्टावा शहराजवळ गुन्हेगार मुलांसाठी एक वसाहत काढायचं काम त्याच्यावर आलं. पुढे ती गॉर्की वसाहत म्हणून प्रसिद्ध झाली. या अनुभवावरचं त्याचं पुस्तक १९३३ ते १९३५ या काळात प्रसिद्ध झालं. मूळ नावाचा अर्थ ‘शिक्षणशास्त्रीय काव्य’ असा होतो. इंग्रजीत ते ‘रोड टू लाइफ’ या नावाने पोचलं.

प्रसंग असा. डिसेंबर महिना, बर्फ पडलेलं. पहिली सहा मुलं आलेली, त्यातली चार अठरा वर्षांची, सशस्त्र घरफोडीत पकडलेली. शिक्षक मोजून तीन-चार. मुलं काम करत नाहीत, शिक्षकांना हिंग लावून विचारत नाहीत. रात्री बाहेर जातात, वाटेल तेव्हा येतात. माकारेन्को शिक्षणशास्त्राची पुस्तकं वाचतो आणि त्यात त्याच्या उपयोगाचं काही सापडत नाही. एके दिवशी झादोरोव नावाच्या मुलाला तो सांगतो, स्वयंपाकघरासाठी लाकडं फोड. झादोरोव एकेरीवर येऊन म्हणतो, तूच फोड की, तुम्ही पुष्कळ जण आहात इथे. माकारेन्कोचा तोल जातो. तो त्याला थोबाडीत मारतो, पुन्हा मारतो. मग हातात शेगडीचा लोखंडी गज घेऊन सगळ्यांना बजावतो की एक तर जंगलात लाकूड तोडायला चला, नाही तर इथून चालते व्हा. झादोरोव माफी मागतो. सगळे जंगलात जातात. मधल्या सुट्टीत माकारेन्कोच्या तंबाखूच्या विड्या ओढताना झादोरोव खदखदून हसायला लागतो. तिथून वसाहतीचं गाडं मार्गी लागतं.

या प्रसंगावर जगभर वाद झाले. मला त्यात पुन्हा पडायचं आहे, कारण आपल्याकडच्या गृहांतही रोज हाच वाद न बोलता चालू असतो. ‘साहेब, तुम्ही भाषणं द्या, पण हातात काहीतरी असल्याशिवाय ही पोरं ऐकत नाहीत.’ हे वाक्य मी काळजीवाहकांच्या एका शिबिरात ऐकलं. बोलणारा माणूस दुष्ट नव्हता. थकलेला होता. त्याला माकारेन्को माहीत नव्हता, पण माकारेन्को त्याच्या बाजूने साक्ष द्यायला उभा राहिला असता, असं वरवर वाटतं.

आता माकारेन्कोचा बचाव नीट ऐकून घेऊ, कारण तो बाळबोध नाही. येकातेरीना ग्रिगोर्येवना नावाची त्याची सहकारी शिक्षिका त्याला छेडते, आता काय मुठीच चालवायच्या का? तो जे उत्तर देतो त्याचा आशय असा. झादोरोव माझ्याहून धट्टाकट्टा आहे, एका फटक्यात मला लुळा करू शकला असता. तो घाबरला म्हणून गप्प बसला नाही. या मुलांना त्यात मार दिसला नाही, एका माणसाचा संताप दिसला. दुसरा मार्ग मलाही मोकळा होता, की हा सुधारण्यापलीकडचा आहे असं लिहून त्याला परत पाठवायचं. तसं न करता मी स्वतःला धोक्यात घालणारी, पण माणसासारखी गोष्ट केली.

या बचावात एक खरं निरीक्षण आहे, ते मी आधी मान्य करतो. मुलं ‘कारवाई’ आणि ‘राग’ यांतला फरक ओळखतात. फाइलमधल्या शेऱ्याने मूल जितकं तुटतं तितकं कधीकधी ओरडण्याने तुटत नाही. शेरा मारणारा माणूस हजर नसतो, ओरडणारा हजर असतो. संस्थेत राहिलेल्या कुणालाही विचारा, शांतपणे, नियमावर बोट ठेवून, नजरेला नजर न देता केलेला अपमान जास्त काळ लक्षात राहतो. इथपर्यंत माकारेन्को बरोबर आहे.

पण पुढे? त्याच्या बचावाचा सगळा भार एका अटीवर आहे, ती म्हणजे धोका दोन्ही बाजूंना होता. मारणाराही मार खाऊ शकत होता. ही अट किती वेळा पुरी होते, सांगा. पहिल्या थपडेच्या वेळी ती पुरी होत असेल. दुसऱ्या थपडेच्या वेळी मुलांना ठाऊक असतं की हा मारतो, आणि मारून सुटतो. तिसऱ्या वेळी नुसता हात उचलला तरी पुरतं. म्हणजे ज्या धोक्याने पहिल्या थपडेला ‘माणूसपण’ दिलं, तो धोका पहिल्या थपडेनेच संपवून टाकला. हे तर्काने होतं, माकारेन्कोच्या स्वभावाने नव्हे. कांटने सांगितलेली कसोटी इथे साध्या भाषेत लावता येते. तू करतोस ते उद्यापासून सगळ्यांनी करायचा नियम केला, तर तुझ्या कृतीत जे चांगलं होतं ते उरेल का? इथे उरत नाही. नियम झाला की संताप संपतो आणि पद्धत सुरू होते. आणि पद्धतशीर थप्पड म्हणजे तीच फाइल, फक्त गालावर लिहिलेली.

दुसरा आक्षेप वाङ्मयीन आहे. ही गोष्ट आपल्याला कोण सांगतो? मारणारा. झादोरोवचं ते खदखदून हसणं माकारेन्कोने लिहिलेलं आहे. झादोरोवने लिहिलेलं नाही. शिक्षिकेचा प्रश्न पुस्तकात येतो, त्यावर लेखकाचं उत्तर येतं, आणि कथानक पुढे धावतं. वाचक म्हणून आपण लेखकाबरोबर जंगलात जातो, लाकूड तोडतो, मोकळ्या हवेत आपल्यालाही हायसं वाटतं. हे लेखनाचं कौशल्य आहे, पुरावा नाही. सुधारगृहांबद्दलच्या जवळजवळ सगळ्या ‘यशोगाथा’ अशाच, हात उगारणाऱ्याच्या किंवा न उगारणाऱ्याच्या तोंडून आलेल्या असतात. हे वाचकाने लक्षात ठेवावं.

तिसरं. लोक म्हणतात, पण वसाहत यशस्वी झाली ना? झाली. १९२७ साली खारकोवला सुरू झालेल्या त्याच्या दुसऱ्या संस्थेत, जेर्झिन्स्की कम्यूनमध्ये, मुलांनी कारखाना चालवला, ‘फेड’ नावाचे कॅमेरे बनवले. हे छोटं काम नव्हे. पण हे थपडेमुळे झालं का? पुस्तक नीट वाचलं तर त्याची खरी शोधक बुद्धी दुसरीकडे दिसते. त्याने कामासाठी तात्पुरत्या तुकड्या करण्याची पद्धत काढली. या आठवड्यात बटाटे काढायच्या तुकडीचा जो नायक, तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या हाताखाली साधा सदस्य. हुकूम देणं आणि हुकूम पाळणं हे एकाच मुलाच्या वाट्याला आलटूनपालटून यायचं. आणि काराबानोवचा प्रसंग घ्या. चोरीच्या वाटेवरून आलेल्या या मुलाला माकारेन्को एकट्याला घोड्यावर बसवून पाचशे रूबल आणायला पाठवतो. तो आणतो. मग दोन हजार आणायला पाठवतो. तेही येतात. मुलगा चिडून विचारतो की माझ्यावर खरंच विश्वास होता का. हे प्रसंग थपडेइतके प्रसिद्ध नाहीत. का नाहीत, याचा विचार आपण वाचकांनी करावा. आपल्याला थप्पड आवडते. तिच्यात नाट्य आहे, आणि आपल्या लहानपणच्या छड्यांना ती मागाहून अर्थ देते.

आता याच्या अगदी उलट टोकाला जाऊ. आउगुस्ट आइकहॉर्न हा ऑस्ट्रियातला शिक्षक, पुढे मनोविश्लेषक झाला. पहिल्या महायुद्धानंतर ओबरहोलाब्रुन इथे त्याने बिघडलेल्या मुलांची संस्था चालवली. त्याचं पुस्तक १९२५ सालचं, प्रस्तावना फ्रॉइडची. बारा अतिशय हिंसक मुलांचा एक गट कुठेच मावेना, तेव्हा त्याने त्यांना वेगळं ठेवलं आणि कर्मचाऱ्यांना सूचना दिली की या मुलांवर जोर करायचा नाही, शक्य तितक्या सौम्यपणे वागायचं. मुलांनी काय केलं? खिडक्या फोडल्या, दारं लाथांनी तोडली, सामानाचा चुराडा केला. तरी हात उगारला गेला नाही. एकदा एक मुलगा पावाची सुरी दुसऱ्याच्या गळ्याशी धरून ओरडत होता. आइकहॉर्न शेजारी उभा राहिला, जणू काही चाललंच नाही असा. मुलाने सुरी जमिनीवर आपटली, पाय आपटले, आणि मग हमसून हमसून रडत झोपी गेला. हळूहळू तो गट निवळला.

आइकहॉर्नचं म्हणणं थोडक्यात असं की, या मुलाला ठाम खात्री असते की जग मला मारणार. तो त्या माराची वाट पाहतो, तो ओढवून घेतो. तुम्ही मारलंत की त्याच्या तत्त्वज्ञानावर शिक्कामोर्तब होतं. मारलं नाहीत की त्याचं गणित चुकतं, आणि गणित चुकलेला मुलगा पहिल्यांदा विचारात पडतो. हे निदान मला माकारेन्कोच्या निदानापेक्षा खोल वाटतं.

पण टीका दोघांवरही झाली पाहिजे. सुरी गळ्याशी असताना स्वस्थ उभं राहणं हाही जुगारच, आणि डाव लागला होता दुसऱ्याच मुलाच्या गळ्यावर. त्या मुलाला कुणी विचारलं नव्हतं. दुसरं, आइकहॉर्नकडे बारा मुलं होती. ज्याच्याकडे चाळीस मुलं, एक दालन आणि एक तुटका नळ आहे, त्याला ‘शांत उभा राहा’ सांगणं म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचं महत्त्व सांगणं.

आणि मित्रहो, इथेच माझ्या मते या सगळ्या थोर वाङ्मयाची मर्यादा आहे. माकारेन्को असामान्य, आइकहॉर्न असामान्य. आपल्याकडे व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ पाहा. कथा ग. दि. माडगूळकरांची, पाठीमागे औंध संस्थानातला आटपाडीजवळचा स्वतंत्रपूरचा खरा प्रयोग. ते कैदी प्रौढ होते, पण अधिकाराचं चित्र आपल्या विषयाचंच आहे. सहा खुनी माणसं एका तुरुंगाधिकाऱ्याच्या दोन डोळ्यांनी बांधली जातात. तो मेल्यावरही ते डोळे आकाशातून पाहत राहतात. चित्रपट मोठाच आहे. पण त्यातली कल्पना तपासा. अधिकार एका माणसाच्या नजरेत साठवलेला आहे. ती नजर हरवली की? चित्रपटाला तिला आकाशात न्यावं लागलं, कारण जमिनीवर तिच्या जागी ठेवायला काही नव्हतं.

नजरेचा हा धागा फार जुना आहे. फ्रान्समधली मेत्रे इथली मुलांची वसाहत १८४० साली सुरू झाली. मिशेल फुकोने १९७५ सालच्या आपल्या ग्रंथात तुरुंगव्यवस्था पूर्ण आकाराला आल्याची तारीख म्हणून याच वसाहतीच्या उद्‌घाटनाची तारीख निवडली. मुलांची ‘कुटुंबं’ केलेली, कर्मचाऱ्यांना कुटुंबप्रमुख म्हणायचे. एकांतकोठडीच्या भिंतीवर काळ्या अक्षरांत लिहिलेलं, की देव तुला पाहतो आहे. आणि फुकोने टिपलेली सगळ्यात मार्मिक गोष्ट अशी की, मुलं यायच्या आधी तिथे कर्मचाऱ्यांची शाळा सुरू झाली आणि त्यांना त्याच शिस्तीतून काढलं गेलं, जी त्यांनी पुढे मुलांना लावायची होती. म्हणजे हुकूम पाळणं शिकवूनच हुकूम देणारे घडवले. फुको इथे थांबतो. त्याला यंत्र दिसतं, आणि ते अचूक दिसतं. पण यंत्रातला माणूस रात्री दोन वाजता काय करतो, हे त्याच्या ग्रंथात सापडत नाही.

ते सापडतं दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांकडे. ग्रेशम साइक्सने १९५८ साली प्रौढांच्या एका तुरुंगावर पुस्तक लिहिलं. त्याने दाखवलं की पहारेकऱ्याची सत्ता कागदावर निरंकुश असते आणि प्रत्यक्षात पोकळ असते. शंभर माणसांना प्रत्येक गोष्टीसाठी बळाने हलवता येत नाही. मग पहारेकरी सौदा करतो. लहान गोष्टींकडे काणाडोळा, त्या बदल्यात मोठी भानगड नको. हॉवर्ड पोल्स्कीने १९६२ साली हेच मुलांच्या एका निवासी संस्थेत पाहिलं. एका कॉटेजमधल्या मुलांची उतरंड, सर्वांत वर दांडगट, सर्वांत खाली मार खाणारे. आणि कॉटेजवरच्या मोठ्यांनी ती उतरंड मोडण्याऐवजी तिच्याशी जुळवून घेतलेलं. कारण तिच्यामुळे शांतता राहते.

‘शांतता राहते’ हे दोन शब्द लक्षात ठेवा. संस्थेची तपासणी होते तेव्हा काय पाहिलं जातं? मुलं रांगेत आहेत का, गादीवरची चादर सरळ आहे का, पाहुण्यांना नमस्ते एका सुरात झालं का. शांतता मोजता येते, न्याय मोजता येत नाही. मग काळजीवाहक शांतता पुरवतो. ती तो कुठून आणतो? स्वतःच्या हाताने मारलं तर वळ उठतात. त्यापेक्षा सोपं म्हणजे एका मोठ्या मुलाला ‘मॉनिटर’ करायचं. त्याला पोळी जास्त, टीव्हीसमोरची जागा त्याची, आणि दालनात गडबड झाली तर जबाबदारीही त्याची. तो कशी शांतता राखतो ते कुणी विचारत नाही. हात मुलाचा, थप्पड संस्थेची. नोंदवहीत लिहितात, ‘मुलांची आपसात मारामारी.’

माकारेन्कोच्या वादात ही थप्पड कुठेच नाही. तो निदान स्वतःच्या हाताने मारतो आणि स्वतःच्या नावाने लिहितो.

आता आपल्या कायद्याकडे येतो. बाल न्याय अधिनियम, २०१५. त्यात शारीरिक शिक्षेची व्याख्या आहे आणि ती विचारपूर्वक केलेली आहे. अपराधाचा बदला म्हणून, शिस्त लावण्यासाठी, किंवा सुधारण्यासाठी मुलाला जाणूनबुजून दिलेली वेदना, म्हणजे शारीरिक शिक्षा. ‘सुधारण्यासाठी’ हा शब्द त्यात मुद्दाम आहे. म्हणजे ‘त्याच्या भल्यासाठी मारलं’ ही पळवाट कायद्याने बुजवली. कलम ८२ प्रमाणे गृहातल्या कर्मचाऱ्याने असं केलं तर पहिल्या दोषसिद्धीला दहा हजार रुपये दंड. पुढच्या प्रत्येक गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. शिवाय नोकरीतून बडतर्फी, आणि मुलांबरोबर थेट काम करण्यास मनाई. चौकशीत सहकार्य न करणाऱ्या व्यवस्थापनालाही कैदेची तरतूद आहे. क्रूर वागणुकीसाठी कलम ७५ वेगळं आहे, आणि संस्थेतल्या माणसाने ती केली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी.

हा कायदा योग्य आहे. माझी तक्रार त्याच्या मनाईबद्दल नाही. मनाई हवीच. तक्रार अशी की, मनाई हाताला केली तर हात बदलतो. काळजीवाहकाचा हात खाली येतो, मॉनिटरचा वर जातो. कायदा कर्मचाऱ्याकडे संभाव्य गुन्हेगार म्हणून पाहतो, आणि तेही समजण्यासारखं आहे. पण मुलाच्या दृष्टीने तो माणूस संभाव्य अधिकारीही आहे, म्हणजे ज्याचं ऐकावं असा माणूस. तो तसा कसा होतो, याबद्दल आपण त्याला काय देतो? शिबिरातला तो काळजीवाहक पुढे म्हणाला होता, ‘मारायचं नाही, कळलं. मग करायचं काय, ते कुणी सांगत नाही.’ हा प्रश्न उद्धट नव्हता. आजच्या विषयातला तो सगळ्यात तात्त्विक प्रश्न होता.

हाना आरेंट या विदुषीने अधिकार म्हणजे काय यावर एक निबंध लिहिला आहे. तिचं म्हणणं असं की, जिथे बळ वापरावं लागतं तिथे अधिकार हरलेला असतो. आणि जिथे युक्तिवाद करून पटवावं लागतं, तिथेही अधिकार बाजूला ठेवलेला असतो, कारण पटवणं हे बरोबरीच्या माणसांत चालतं. अधिकार या दोन्हींहून वेगळा, तो मान्य केला जातो. छान. पण मग तो मान्य होतो कशामुळे? आरेंटचं उत्तर परंपरेकडे, संस्थापनेकडे जातं. आपल्या मुलाकडे परंपरा नाही. त्याने ज्या ज्या मोठ्या माणसाला मान्य केलं, त्याने त्याला सोडलं, विकलं किंवा मारलं. त्याच्यासाठी अधिकार पहिल्यापासून उभा करावा लागतो. कशावर?

मला सापडलेलं सगळ्यात समाधानकारक उत्तर वॉर्सामध्ये आहे. यानुश कोरचाक हा डॉक्टर आणि लेखक, १९१२ पासून क्रोखमाल्ना रस्त्यावर ज्यू अनाथ मुलांचं घर चालवत होता. ते सुधारगृह नव्हतं, हे आधीच सांगतो. पण मुलं रस्त्यावरचीच होती आणि शिस्तीचा प्रश्न तोच होता. त्याने मुलांचं न्यायालय काढलं. न्यायाधीश मुलं. कायद्याची कलमं त्याने लिहिली, आणि पहिली नव्व्याण्णव कलमं माफ करण्याची, सोडून देण्याची, खटला न चालवण्याची होती. शंभराव्या कलमापासून दोष सुरू होतो. शेवटचं, हजारावं कलम घरातून काढून टाकण्याचं. आणि त्या न्यायालयात मोठ्यांवरही खटला भरता येत असे. अर्ध्या वर्षात कोरचाकने स्वतःवर पाच खटले दाखल केले. एका मुलाचे कान उपटले म्हणून, एकाला निजायच्या खोलीबाहेर काढलं म्हणून, एकाला कोपऱ्यात उभं केलं म्हणून, न्यायाधीशाचा अपमान केला म्हणून, आणि एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून.

आता झादोरोव आणि हा कान उपटलेला मुलगा शेजारी शेजारी उभे करा. दोन्हीकडे थोर शिक्षक, दोन्हीकडे हात उठला. फरक त्यानंतर आहे. माकारेन्कोने आपल्या थपडेचा अर्थ स्वतः ठरवला, स्वतः लिहिला, आणि स्वतःची सुटका केली. कोरचाकने तो अर्थ ठरवण्याचं काम मुलांच्या हाती दिलं. त्यातून त्याचा अधिकार कमी झाला का? त्या मुलांनी पहिल्यांदा पाहिलं की ज्या नियमाने मला बांधलं आहे, तो याच्याही वर आहे. त्या क्षणी नियम हा ‘त्यांचा’ राहत नाही. माझ्या मते अधिकाराचा पाया इथे आहे. जो उत्तर देण्यास बांधील आहे, त्याचंच ऐकावंसं वाटतं. डोळे आकाशात न्यावे लागत नाहीत, कारण मुलांनाही डोळे आहेत आणि त्यांना पाहण्याचा हक्क दिलेला आहे.

कुणी म्हणेल, कोरचाकही असामान्यच. खरं आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये तो आपल्या मुलांबरोबर ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत गेला, त्यांना सोडून जगणं त्याने नाकारलं. तसं धैर्य आपण कुणा काळजीवाहकाकडून मागू शकत नाही. पण न्यायालय ही पद्धत आहे, स्वभाव नाही. पद्धत सामान्य माणसालाही चालवता येते. माकारेन्कोच्या फिरत्या तुकड्याही पद्धतच. थोरांकडून घ्यायचं ते हे. त्यांचा संताप किंवा त्यांची शांतता घेता येत नाही.

आपल्याकडे याचं बीज आहे. २०१६ च्या आदर्श नियमांत मुलांच्या समित्या आहेत, सूचनापेटी आहे. मला विचाराल तर कुठल्याही गृहाची तपासणी तीन प्रश्नांनी करावी. पेटीची किल्ली कोणाकडे आहे? मुलांच्या तक्रारीवरून गेल्या वर्षभरात एखाद्या मोठ्या माणसाला एकदा तरी उत्तर द्यावं लागलं का? आणि मॉनिटर किती महिने तोच आहे? चादरी नंतर पाहाव्यात.

आणि चौथा प्रश्न काळजीवाहकासाठी. त्याची तक्रार टाकायला पेटी आहे का? ज्याला स्वतःला वरून फक्त हुकूम येतात, ज्याला कधीच कुणी उत्तर देत नाही, तो खाली उत्तर देणारा माणूस कुठून होईल? मेत्रेमध्ये हुकूम पाळायला शिकवून हुकूम देणारे घडवले होते. आपल्याला ऐकून घेतलेला माणूस हवा असेल, तर आधी त्याचं ऐकावं लागेल. रात्रपाळीला दुसरा माणूस द्यावा लागेल. हे तत्त्वज्ञान आहे की अंदाजपत्रक, असं कुणी विचारेल. दोन्ही आहे.

यात पणाला काय लागलं आहे? मुलगा एक दिवस गेटबाहेर पडतो. तो बाहेर काय घेऊन जातो? सुतारकामाचं प्रमाणपत्र असेल, नसेल. पण ‘मोठा माणूस म्हणजे काय’ याची एक कल्पना तो नक्की घेऊन जातो. ज्याच्या हातात बळ तो मोठा, ही कल्पना त्याने आत येतानाच आणलेली असते. तीच घेऊन तो बाहेर पडला, तर आपण त्याला काहीच शिकवलं नाही, फक्त ठेवून घेतलं. आणि उद्या त्याच्याही हाताखाली कुणी असेल. बायको असेल, मूल असेल, गॅरेजमधला पोऱ्या असेल. तिथे तो आपल्याकडून शिकलेली शिक्षा वापरेल. ती कुठल्या अर्थाची, मराठी की संस्कृत, हे आपल्या गृहांत आत्ता ठरतं आहे.

मी इथे थांबतो. वेळ शिल्लक आहे, प्रश्न विचारा. आणि सभागृहात कुणी गृहात काम करणारे असतील, तर पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या, ही अध्यक्षांना विनंती.